गोष्ट यथातथा, नाच मात्र डोळे भरून

प्रश्न असा आहे: 'ज्यांत कथेपेक्षा नृत्यदिग्दर्शन कितीतरी सरस आहे असे नृत्यपट कोणते? आणि या चित्रपटांच्या कथा इतक्या सुमार का असतात? चांगले लेखक मिळत नाहीत का?'

लेखक मिळतात. अडचण लेखकांची नाही हे आधी सांगते, कारण ते लक्षात आल्याशिवाय नुसती नावं सांगून उपयोग नाही.

बरीच वर्षं मी पडद्यासाठी नाच बसवते आहे. आधी असिस्टंट म्हणून, मग स्वतंत्रपणे. काम सुरू होताना पटकथेची जी प्रत हातात येते तिच्यात नाचाच्या जागी बहुतेक वेळा एवढंच असतं: 'इथे दोघं नाचतात.' आधीचं पान संवादांनी भरलेलं, नंतरचं भरलेलं आणि मधे ही एक ओळ. पडद्यावर तीच ओळ तीन-चार मिनिटं चालते. एरवीच्या चित्रपटात अशा एक-दोन ओळी असतात, त्या खपून जातात. नृत्यपटात आठ-दहा असतात. समजा, चित्रपट शंभर मिनिटांचा आहे आणि त्यातली पस्तीस मिनिटं नाचाची आहेत. उरलेल्या पासष्ट मिनिटांत नायकाचं घर, नायिकेचं घर, ओळख, भांडण, मित्राचा दगा, समेट हे सगळं बसवायचं. ते चेंगरूनच बसणार.

त्यात कामाचा क्रम उलटा. नाच अंगात मुरायला आठवडे लागतात, म्हणून ट्रॅक, तालमीचा हॉल आणि नर्तकांच्या तारखा आधी पक्क्या होतात; पटकथेचे खर्डे त्यानंतरही येत राहतात. वीस जणांचं फॉर्मेशन एकदा बसलं की 'नायिका इथे रागावलेली हवी होती' असं कोणी म्हणायला धजत नाही. संवाद एका रात्रीत बदलतो, नाच बदलत नाही. मग वाकायचं कोणी, तर कथेनं. संकलनातही लांबी कमी करायची वेळ आली की कात्री लागते ती दोन नाचांच्या मधल्या प्रसंगांना.

शेवटी स्पर्धाच का असते, ही नेहमीची तक्रार. स्पर्धा ठेवली की लेखकाला तारीख, प्रतिस्पर्धी, बक्षीस आणि शेवटचा मोठा नाच एका फटक्यात मिळतात. शिवाय ही माणसं का नाचताहेत याचं कारण वेगळं द्यावं लागत नाही. शरीर राग, ओढ, मत्सर, मस्ती, थकवा फार नेमकेपणानं सांगतं. गहाणखत कोणाच्या नावावर आहे ते त्याला सांगता येत नाही. त्यामुळे नृत्यपटाची कथा साधी असणं ही काही अंशी गरजच आहे.

म्हणून नृत्यपट बघताना कथा चांगली की वाईट हे मी फारसं बघत नाही, ती कुठे राहते ते बघते. चांगल्या नृत्यपटात गोष्ट संवादांतून बाहेर पडून नाचात राहायला गेलेली असते, म्हणून संवादांचं घर रिकामं वाटतं. वाईट नृत्यपटात ती दोन्ही घरांत सापडत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी याच निकषावर देते आहे.

सगळ्यात आधी 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४). 'सत्ते पे सत्ता' ज्यावर बेतला तो हा चित्रपट. रानात राहणारे सात भाऊ. थोरल्याचं लग्न होतं आणि बाकीचे सहा जण त्याच्याच सांगण्यावरून गावातल्या मुली चक्क पळवून आणतात. हिवाळाभर मुली तिथे अडकतात आणि वसंतात त्यांना याच मुलांशी लग्न करायचं असतं! आजच काय, त्या काळीही ही कथा गंभीरपणे घेणं कठीण गेलं असेल. पण मायकेल किडनं त्यात बसवलेला धान्याच्या कोठाराच्या उभारणीच्या मेळाव्यातला नाच मी शिकवताना पुन:पुन्हा दाखवते.

किडची सुरुवातीची शंका अगदी रास्त होती: रानात वाढलेले हे गडी नाचतील कसे? नाचले तर हसू येईल. म्हणून त्यानं हालचाली घेतल्या त्या कामाच्या आणि खेळाच्या. नाच सुरू होतो तेव्हा सहाही भाऊ सभ्यपणे वागण्याच्या आटोकाट प्रयत्नात आहेत, कारण वहिनीनं तसं बजावलं आहे. गावातले तरुण त्यांच्या जोडीदारणी पळवू पाहतात. भाऊ हात उचलत नाहीत, नाचातच उत्तर देतात. मग एकेक आव्हान वाढत जातं; अरुंद फळीवर तोल सांभाळत झुंज, उड्या, कोलांट्या. कोण कोणावर भाळली, कोणाचा संयम सुटत चालला आहे, कोण हरल्याचं दुखणं मनात ठेवणार आहे, सगळं एकही संवाद न बोलता कळतं. पुढे जी मारामारी होते तिची कारणं या नाचातच पेरलेली आहेत. तो नाच काढून टाका, पुढची अर्धी कथा लंगडी पडेल.

यात एक गंमत आहे, धंद्यातल्या माणसाला लगेच दिसते अशी. भावांच्या भूमिकांत टॉमी रॉल, मार्क प्लॅट, मॅट मॅटॉक्स, जॅक दांब्वाज असे कसलेले नर्तक होते. रस टॅम्बलिन कसरतपटू. जेफ रिचर्ड्स मात्र मूळचा बेसबॉलपटू, त्याला नाच येत नव्हता. तो बहुतेक वेळा बाजूला, बसलेला किंवा मागे दिसेल. माणूस चौकटीत आहे, चित्र भरलेलं आहे आणि तरी त्याच्यावर भार नाही. ही चलाखी आजही आम्ही सगळे वापरतो. याच चित्रपटात भाऊ बर्फात लाकडं तोडत विरहगीत गातात, तो सगळा प्रसंग एकाच सलग शॉटमध्ये आहे. कुऱ्हाडीचा घाव हाच ठेका. नाच म्हणावा तर नाच नाही, आणि तरी मला तो चित्रपटातला सर्वांत दु:खी नाच वाटतो.

'ॲन अमेरिकन इन पॅरिस' (१९५१) हे दुसरं टोक. पॅरिसमधला होतकरू चित्रकार, त्याला पोसू पाहणारी श्रीमंत बाई, आणि त्याचं जिच्यावर प्रेम बसतं ती मुलगी नेमकी त्याच्या मित्राची वाग्दत्त वधू. शेवटाकडे जीन केलीनं रचलेला, गर्श्विनच्या संगीतावरचा सुमारे सतरा मिनिटांचा बॅले येतो. संवाद शून्य. दृश्यं रेन्वार, उत्रिलो, रूसो, व्हॅन गॉग, तुलूज-लोत्रेक यांच्या चित्रशैलींतून सरकत जातात. बॅले संपला की कथेची गाठ मिनिटभरात सुटते: मित्र मुलीला परत आणून सोडतो, दोघं जिन्यावर मिठी मारतात, समाप्त. मित्राचं मन का पालटलं यावर कोणी वेळ घालवलेला नाही. तरी या चित्रपटाला पटकथेचंही ऑस्कर मिळालं आहे, यावर मी आजही मनातल्या मनात हसते. बॅलेबद्दल माझी एक तक्रार आहे: तो सुंदर आहे, पण मुलीबद्दल आपल्याला नवं काही सांगत नाही. चित्रकाराच्या डोक्यात शिरतो, तिच्या नाही. किडचा नाच माणसांमध्ये घडतो, केलीचा एका माणसाच्या आत. मला पहिला जास्त आवडतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आता जरा जड विषय. कथेपासून तुटलेला नाच बघितला की आपण दिग्दर्शकाला नावं ठेवतो. पण अमेरिकेतल्या १९३०-४० च्या दशकांतल्या कित्येक चित्रपटांत नाच मुद्दाम तुटका ठेवलेला असे. कृष्णवर्णीय कलाकारांचे प्रवेश कथेला जोडायचेच नाहीत, म्हणजे वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या चित्रपटगृहांत ते कापून टाकले तरी कथेला धक्का लागत नाही! 'हेल्झापॉपिन' (१९४१) या अचाट विनोदी चित्रपटात व्हाइटीज लिंडी हॉपर्स या संघाचा नाच आहे, फ्रँकी मॅनिंगनं बसवलेला. नर्तक आचारी, मोलकरणी, नोकर अशा वेषांत येतात, काही मिनिटं अक्षरश: हवेत राहतात आणि नाहीसे होतात. कथेत त्यांना नावंही नाहीत. आज तो चित्रपट लोकांना आठवतो तो त्या काही मिनिटांसाठी. लय इतकी जलद आहे की चित्रफीत पुढे पळवली आहे असं वाटावं. एक जोडी संपायच्या आत दुसरी हवेत असते. जोडीदारणीला फेकणं, झेलणं आणि पुन्हा ठेक्यावर पाय टेकणं यात कुठेही 'आता बघा हं' असा थांबा नाही. नवख्या नर्तकांना मी सांगते की उडी बघू नका, उडीनंतरची दोन पावलं बघा.

'स्टॉर्मी वेदर' (१९४३) मध्ये सगळेच कलाकार कृष्णवर्णीय होते, तेव्हा कापाकापीचा प्रश्न वेगळा. पण कथा? बिल रॉबिन्सननं रंगवलेला म्हातारा नर्तक मुलांना आपल्या आठवणी सांगतो आणि त्या आठवणींत गाण्यामागून गाणं येतं. एवढंच. सव्वा तासाच्या चित्रपटात इतकी गाणी आहेत की कथेला श्वास घ्यायलाही जागा नाही. आणि अखेरीस कॅब कॅलवेच्या वाद्यवृंदासोबत फेयार्ड आणि हॅरल्ड निकोलस हे भाऊ येतात. वादकांच्या स्टँडवरून उड्या, टेबलावर टॅप (बुटांच्या तळव्यांनी ठेका वाजवणारा नाच), मग रुंद जिन्यावर एकाच्या डोक्यावरून दुसऱ्यानं झेप घेऊन पाय फाकवून खालच्या पायरीवर उतरायचं, हात न टेकता उभं राहायचं, लगेच दुसऱ्यानं तेच. नृत्यदिग्दर्शक निक कॅसलनं त्यांना याची तालीम करू नका म्हणून सांगितलं आणि ते एका टेकमध्ये झालं, असं सांगितलं जातं. फ्रेड ॲस्टेअरनं याला पडद्यावरचा सर्वोत्तम नाच म्हटल्याचंही सांगतात. मला त्यातलं आवडतं ते दोघांचं हसू. जीव धोक्यात घालून चेहऱ्यावर 'सहज केलं' असा भाव ठेवणं हा कसरतीचा भाग नाही, अभिनयाचा आहे.

त्याला जोडून 'टॅप' (१९८९) बघाच. याचा लेखक-दिग्दर्शकही निक कॅसल. 'स्टॉर्मी वेदर'च्या निक कॅसलचा मुलगा. कथा अशी: तुरुंगातून सुटलेला एक टॅप नर्तक, त्याला पुन्हा चोरीकडे ओढणारे जुने साथीदार, आणि दुसरीकडे वडिलांनी मागे ठेवलेली कला. पहिल्या दहा मिनिटांत शेवट ओळखू येतो. पण मधे एक प्रसंग आहे. ग्रेगरी हाइन्सच्या नायकाला जुनी खोडं आव्हान देतात: सॅमी डेव्हिस ज्युनिअर, सँडमन सिम्स, बनी ब्रिग्ज, जिमी स्लाइड, स्टीव्ह कॉन्डोस, आर्थर डंकन, आणि हो, हॅरल्ड निकोलस. एकेक जण पुढे येतो, आपलं थोडंसं दाखवतो, मागे जातो. गुडघे म्हातारे झालेले, उड्या संपलेल्या. पण प्रत्येकाच्या पायाचा आवाज वेगळा आहे. कोणी जमिनीवर खरडून सूर काढतो, कोणी घसरत जातो, कोणी नुसत्या टाचेवर बोलतो. 'वडिलोपार्जित कला सोडू नकोस' असं आधीच्या संवादांत बजावून सांगितलेलं असतं आणि ते कानावरून जातं. इथे कोणी काही सांगत नाही आणि नायकाच्या बरोबरीनं आपल्यालाही कळतं. पुढची चोरीची भानगड मी खुशाल पुढे पळवते.

कथेचा गाळात रुतलेला गाडा नाचानं ओढून काढल्याचं आणखी एक उदाहरण म्हणजे 'व्हाइट नाइट्स' (१९८५). सोव्हिएत संघातून पळून गेलेला बॅले नर्तक विमानानं जात असताना विमानाला नेमकं सायबेरियात उतरावं लागतं! मग गुप्तहेर, पाळत, सुटकेचा कट. नायक मिखाइल बारिश्निकोव्ह, जो स्वत: १९७४ मध्ये कॅनडाच्या दौऱ्यावर असताना सोव्हिएत संघ सोडून गेला होता, त्याच्यासमोर ग्रेगरी हाइन्स, अमेरिका सोडून रशियात आलेला टॅप नर्तक. सुरुवातच एक तरुण आणि मृत्यू यांच्यावरच्या, रोलां पेतीच्या १९४६ सालच्या बॅलेनं होते, आणि ती बघितल्यावर पुढचा गुप्तहेरपट फिका पडणार हे ठरूनच जातं. एके ठिकाणी अकरा रूबलची पैज लागते: अकरा गिरक्या घेऊन दाखव. तो घेतो. कॅमेरा हलत नाही, तुकडे जोडलेले नाहीत.

पण माझं लक्ष असतं ते ट्वायला थार्पनं दोघांसाठी बसवलेल्या तालीमखोलीतल्या नाचावर. काउंट तेच, पावलं बहुतेक तीच, दोघं शेजारी शेजारी. तरी दोन वेगळे नाच दिसतात, कारण बॅलेत वाढलेलं शरीर वजन जमिनीपासून वर ओढतं आणि टॅपमध्ये वाढलेलं शरीर तेच वजन जमिनीत सोडतं. दोन देश, दोन पळपुटे, दोघांचा एकमेकांवरचा संशय आणि हळूहळू जमलेला मेळ: पटकथेनं पानंच्या पानं खर्ची घातली ते इथे खांदे आणि गुडघे सांगून मोकळे होतात. थार्पनं त्यांना एकसारखं करण्याचा प्रयत्न केला नाही हे तिचं मोठेपण. साधा नृत्यदिग्दर्शक 'हात सारखे ठेवा' म्हणून ओरडला असता.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण 'नृत्यदिग्दर्शन सरस' म्हणताना आपण पुष्कळदा संकलनालाच टाळ्या देत असतो. फ्रेड ॲस्टेअरचा हट्ट प्रसिद्ध आहे: पूर्ण शरीर डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत हवं, आणि तुकडे कमीत कमी. 'टॉप हॅट' (१९३५) सारख्या चित्रपटांत गोष्ट म्हणजे निव्वळ ओळखीचा घोटाळा. नायिका त्याला दुसराच कोणी समजते आणि तासभर तेच चालतं. पण तो आणि जिंजर रॉजर्स नाचू लागले की तिचा नकार हळूहळू विरघळताना दिसतो. तो आधी एक हालचाल करतो, ती खोचकपणे नक्कल करते, मग नक्कल करता करता सामील होते. तुकडे केले असते तर हे बदलाचे क्षण हरवले असते. 'रॉयल वेडिंग' (१९५१) मध्ये तो भिंतीवर आणि छतावर नाचतो. खोलीच फिरणाऱ्या पिंपात बसवलेली होती आणि कॅमेरा खोलीला जखडलेला. युक्ती समजल्यावरही मजा जात नाही, कारण खोली फिरत असताना न अडखळता पुढच्या भिंतीवर पाऊल टाकणं ही तालमीचीच करामत आहे. कथा कोणाच्या लक्षात राहिली असेल असं वाटत नाही.

याउलट बझ्बी बर्कलीचं. तो पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात कवायती बसवत असे, आणि 'फॉर्टीसेकंड स्ट्रीट' (१९३३) सारख्या चित्रपटांत त्यानं नाच बसवले ते कवायतीसारखेच: वरून कॅमेरा, खाली शेकडो पाय, त्यांची फुलं आणि चक्रं. एकेकट्या मुलीकडे बघाल तर ती फारसं नाचतच नाही. नाचतो तो आकार. ॲस्टेअरची चाहती असून मला हे आवडतं, पण त्यात माणसाची गोष्ट शोधू नका.

'फ्लॅशडान्स' (१९८३) इथे सांगायला हवा, कारण यादीत तो नेहमी असतो. जेनिफर बील्सच्या नायिकेचा नाच बराचसा मरीन जहाननं केला आणि तिला श्रेयनामावलीत जागा मिळाली नाही. शेवटच्या निवड-चाचणीतली उंच झेप एका जिम्नॅस्टची, आणि पाठीवरची गिरकी रॉक स्टेडी क्रू या ब्रेकडान्स संघातल्या क्रेझी लेग्जनं विग घालून घेतलेली. म्हणजे एका मुलीचा तो नाच अनेक शरीरांचा मिळून बनला आहे. अंधार, मागून येणारा प्रकाश, पायांचा क्लोजअप, केसांचा झटका, परीक्षकाचा चेहरा, पुन्हा पाय. ठेका जबरदस्त पकडला आहे, ते श्रेय खरं आहे. पण त्याला मी नृत्यदिग्दर्शनाचा विजय म्हणणार नाही. नाच ऐन रंगात असताना परीक्षकांचे किंवा प्रेक्षकांचे थक्क चेहरे वारंवार दिसू लागले की समजावं, तिथे दोन टेक जोडलेले असण्याची शक्यता मोठी. आम्ही तसे चेहरे आधीच टिपून ठेवतो, अडीअडचणीला लागतात.

'स्टेप अप' मालिकेबद्दल लोक नाक मुरडतात. कथा खरंच एकच आहे. माणसं बदलतात, शहर बदलतं, शेवटी स्पर्धा किंवा सादरीकरण. पण दुसऱ्या भागातला (२००८) पावसातला शेवटचा नाच बघा. पाण्यात नाचणं म्हणजे घसरणं सोपं आणि थांबणं महाकठीण. हिपहॉपमध्ये तर थांबण्यालाच किंमत. त्याचा फायदा असा की पाय झटकला की पाण्याची कमान उडते आणि ठेका डोळ्यांना दिसतो. तिसऱ्या भागात (२०१०) न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मूस आणि कमील या दोन मित्रांचा नाच आहे, ॲस्टेअरच्या जुन्या गाण्याच्या नव्या रूपावर, सलग एका शॉटमध्ये. भांडण झालेले दोन जिवलग मित्र पुन्हा जवळ येतात एवढंच त्यात घडतं. चित्रपटातली माणसं जिथे खरी वाटतात अशी ती मोजकी मिनिटं. हा भाग त्रिमिती होता आणि त्रिमितीत डोळ्यांना प्रत्येक कटनंतर खोली पुन्हा जुळवून घ्यावी लागते, म्हणून भराभर तुकडे जोडले तर डोकं दुखतं. शॉट लांब ठेवावे लागतात, फॉर्मेशनमध्ये मागच्या रांगेलाही काम द्यावं लागतं. तंत्राच्या सक्तीनं नाचाचं असं भलं झालेलं मी तरी क्वचित पाहिलं आहे.

रेमो डिसूझाचा 'एबीसीडी' (२०१३) हाही त्रिमिती, आणि त्यानं एक धाडस केलं: तारे न घेता नर्तक घेतले. प्रभुदेवा, दूरचित्रवाणीवरच्या नृत्यस्पर्धांतून आलेले धर्मेश, सलमान, पुनीत आणि लॉरेन गॉटलिब. संवाद म्हणताना काही जण अवघडलेले दिसतात, आणि कथा गुरू, बिघडलेली मुलं, दगाबाज भागीदार, स्पर्धा या ठरल्या वाटेनं जाते. पण नाच सुरू झाला की कोणालाही लपवावं लागत नाही. प्रभुदेवाचे सांधे तर कोणत्या क्रमानं हलतात हे मला संथ गतीत बघूनही पुरतं उलगडलेलं नाही.

जरा मागे जायचं तर व्ही. शांताराम यांचा 'झनक झनक पायल बाजे' (१९५५). कलासाधना की प्रेम, हा पेच आणि त्यापायी नायिकेचा त्याग. आज तो ताणलेला वाटतो. नायक आणि नृत्यदिग्दर्शक दोन्ही गोपीकृष्ण, आणि संध्या यांनी या चित्रपटासाठी त्यांच्याकडे कथक शिकून घेतलं. मुरलेला आणि नुकताच शिकलेला असे दोन नर्तक एका चौकटीत ठेवणं अवघड असतं. गोपीकृष्णांनी तिच्या वाट्याला डौल आणि भाव दिले, चक्कर आणि पायांचं काम स्वत:कडे जास्त ठेवलं. रंग आणि सेट कधी कधी नाचावर चढाई करतात, पण सम गाठताना त्यांचं शरीर ज्या धारदारपणे थांबतं तिथे सेट दिसेनासा होतो.

'सेंटर स्टेज' (२०००) मला जिव्हाळ्याचा आहे. बॅले शाळेतल्या मुलामुलींची अगदी ठोकळेबाज गोष्ट, पण ईथन स्टीफेल, साशा रॅडेट्स्की, अमँडा शुल हे खरे नर्तक. शेवटचा बॅले सुझन स्ट्रोमननं बसवला आहे आणि त्यात नायिका, तिचे दोन प्रियकर, तिची निवड असं अख्ख्या चित्रपटाचं कथानक काही मिनिटांत नाचून दाखवलं आहे, स्टीफेलच्या मोटारसायकलवरून रंगमंचावर येण्यासकट. रंगमंचावर अशक्य अशा वेगानं पोशाख बदलतात, बदलू देत. तो बॅले पाहिला की आधीचा दीड तास त्याचा पसरट मसुदा वाटू लागतो.

काहींनी कथाच टाकून दिली. रॉबर्ट ऑल्टमनचा 'द कंपनी' (२००३) शिकागोच्या जॉफ्री बॅलेसोबत केलेला. दुखापती, तालमी, पैशांची ओढाताण, कथानक जवळपास नाही. उघड्या रंगमंचावर वादळ येत असताना नेव्ह कॅम्पबेल युगलनृत्य करते तो प्रसंग चुकवू नका. वारा वाढतो तशी प्रेक्षकांची चुळबुळ वाढते आणि नर्तक थांबत नाहीत. गास्पार नोएचा 'क्लायमॅक्स' (२०१८) काही पानांच्या रूपरेषेवर उभा राहिला. सुरुवातीचा लांबलचक एकसलग समूहनाच नीना मॅकनीलीनं बसवलेला, पुढचं बरंचसं उत्स्फूर्त. पहिल्या नाचात प्रत्येकाची शैली वेगळी ओळखू येते. पुढे मादक द्रव्यामुळे सगळे बेभान होतात तेव्हा त्याच शैली मोडताना दिसतात. प्रौढांसाठीच आहे, आणि प्रौढांनीही जेवून लगेच बघू नये.

'द रेड शूज' (१९४८) आणि 'ऑल दॅट जॅझ' (१९७९) यांची नावं मी घेतली नाहीत, कारण त्यांच्या कथा नाचाला तोडीस तोड आहेत. 'ब्लॅक स्वॉन' (२०१०) मध्ये तर कथाच नाचाला खाऊन टाकते.

एखादा नृत्यपट स्वत: तपासायचा असेल तर नाच आवाज बंद करून बघा. तरीही कोण कोणाकडे ओढला जातो आहे, कोण हरतो आहे हे कळलं, तर नृत्यदिग्दर्शकानं काम केलं आहे; नुसते हातपाय दिसले तर तुम्ही आतापर्यंत गाण्याला दाद देत होता. कुठून सुरू करावं असं विचाराल तर एका संध्याकाळी 'स्टॉर्मी वेदर'ची शेवटची दहा मिनिटं आणि लगेच 'टॅप'मधला आव्हानाचा प्रसंग, म्हणजे हॅरल्ड निकोलस आधी ऐन विशीत आणि मग साठी उलटल्यावर एकापाठोपाठ दिसेल. दुसऱ्या दिवशी 'सेव्हन ब्राइड्स' पूर्ण. मुली पळवण्याच्या प्रसंगाला चहा करायला उठलात तरी चालेल.